शेरा

वर्षातून चार वेळा मी विहिरींत टेप सोडायचो.
ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे.
टोकाला शिशाचं वजन, वर हातभर खडू घासलेला.
खडू जिथवर ओला, तिथवर पाणी.
कठड्यापासूनचं अंतर वहीत मांडायचं,
दोन दशांश स्थळांपर्यंत.
एवढीच नोकरी. एकतीस वर्षं.

अक्कलकोट रोडला, रंगखान्याच्या मागं,
कोडमांच्या बोळातली विहीर माझ्या यादीत सतरावी.
तिच्यातून खडू पांढरा कधी निघालाच नाही.
एका मार्चात जांभळा, पुढच्या मे महिन्यात गाजरी,
आणि एकदा असा हिरवा
की दोन दिवस बोटं पोपटासारखी.

राजव्वा कोडम हसायची.
"आम्हाला कॅलेंडर नको बघा, साहेब.
विहीर निळी झाली की समजायचं, आखातातला माल चाललाय.
गुलाबी झाली की लग्नसराईचे टॉवेल."

तिचा नवरा अंबय्या रंगाच्या टाकीवर,
कोपरापर्यंत निळा.
भाकरी मोडली की तिच्यावर त्याचे ठसे.
मी एकदा विचारलं, हे पाणी सोडता कुठं?
त्यानं पायानं नाली दाखवली,
मग त्याच पायानं विहीर.
"मीच सोडलालोय साहेब, मीच उपसलालोय.
मधी काय असतंय ते तुम्हीच सांगा."

मधी?
वर दोन हात काळी माती, खाली मुरूम,
मग काळा खडक,
पोलादासारखा टणक
आणि जुन्या बशीसारखा तडकलेला.
पाणी ज्या चिरेनं येतं, बाकीचंही त्याच चिरेनं येतं.
खडक काही गाळून घेत नाही.
हे मला ठाऊक होतं.

पण वहीत रकाना होता खोलीचा.
रंगाचा नव्हता.
अगदी शेवटी बोटभर जागा, 'शेरा' नावाची,
तिथं सगळेच लिहायचे: निरंक.
मीही लिहिलं.
निरंक.
जांभळ्या बोटांनी.

नळाला पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
म्हणून शेजारी बोअर घेतला, पहिला तीनशे फूट,
दुसरा सहाशे.
नारळ तळहातावर उभा राहिला त्या जागी.
विहीर नऊवरून चौदा मीटरला गेली, एका उन्हाळ्यात,
आणि दोन वर्षांनी सहाशे फुटांवरून
बादलीत आलं
निळं.
जिथं पोचायला पावसाला पिढ्या लागतात
तिथं आमचा टॉवेल जाऊन आला होता.

रंगखाना बंद पडला. आता तिथं गोडाऊन आहे.
अंबय्याचे हात हळूहळू हातांसारखे झाले,
फक्त नखांच्या मुळाशी एक रेघ.
रंग मात्र अजून येतोय,
थकबाकीसारखा.

ऑफिसातून कागद आला, विहीर क्रमांक सतरा वगळावी,
मोजमापास अयोग्य.
त्या दिवशी मी बोटभर जागेत इतकं लिहिलं
की अक्षरं पुढच्या विहिरीवर सांडली.
कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.
चार महिन्यांनी रिटायर झालो.

टेप स्वतःच्या पैशानं घेतली. अजून जातो.
ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे.
राजव्वानं पत्र्याचं पाणी पाइपनं खड्ड्यात घेतलंय,
खड्ड्यात विटांचे तुकडे, कोळसा, वाळू,
आणि खड्ड्यातून विहिरीत.
मी नकाशा काढून दिला होता.
तिनं तो चुलीत घातला आणि स्वतःच्या अंदाजानं केलं.
बरंच केलं.

नात, सहस्रा, सहावीत आहे.
आकडे ती भिंतीवर लिहिते, माझ्याच खडूनं.
गेल्या ऑक्टोबरात टेप वर आली,
बारा पूर्णांक सत्तर.
खडूवर रंग होता, पण फिका,
पन्नासदा धुतलेल्या चादरीइतका.
मी उन्हात धरून बघत राहिलो.

"शेऱ्यात काय लिहू, आजोबा?"

मला सुचेना.
राजव्वा दारातूनच म्हणाली,
"लिही, भांडी घासा.
पिऊ नका अजून."